आधी माळ फिरा, मग खड्डे घ्या

मंडळी, लष्कराच्या जमिनीवर झाडं लावायची म्हटलं की पहिला प्रश्न येतो, रोपं किती मागवायची? माझी विनंती आहे, रोपांचं नंतर बघू. भर मे महिन्यात ती जमीन एकदा पायी फिरा.

चराईबंदी आणि कुऱ्हाडबंदीसाठी गावोगाव वर्षानुवर्षं मनधरणी करावी लागते. छावणीला ती कुंपणामुळे आयती मिळते. आपल्या मुरमाड माळावर पळस, हिवर, बोर, कडुनिंब यांचे खुंट असतात. शेळ्यांनी ओरबाडलेले, गुडघ्याएवढे. त्यांच्याखाली मुळं जिवंत आहेत, खडकाच्या फटींत खोल गेलेली. दोन पावसाळे नुसती राखण करा. मग एक-दोन जोमदार फुटवे ठेवून बाकीचे काढा. नर्सरीतलं पिशवीतलं रोप अशा फुटव्याची बरोबरी करत नाही, कारण त्याला मुळापासून सुरुवात करायची असते. म्हणून आराखड्यात पहिला रंग भरायचा तो 'इथे लावायचं नाही, राखायचं' या जागेचा.

दुसरी तशीच जागा म्हणजे फायरिंग रेंज. तिथे झाडांची रांग नकोच. नजरेच्या आड येते, आणि खोडात रुतलेली गोळी पुढे करवतीचं पातं मोडते. तो माळ पवन्या-मारवेल या गवतांचा आहे, तितर-चंडोलांचा आहे. गवताळ माळाला 'पडीक' म्हणू नका, हे मी कळकळीनं सांगतो. मात्र दिवाळीनंतर हेच गवत वाळतं आणि एका ठिणगीनं शेजारचं सगळं वन जातं. त्यामुळे रेंजच्या कडेनं जाळरेषा, म्हणजे आग पुढे जाऊ नये म्हणून गवत काढून मोकळा ठेवलेला पट्टा, उन्हाळ्याआधी झालीच पाहिजे.

आता लागवड. वर्षाला साधारण सातशे मिलिमीटर पाऊस, तोही मध्येच महिनाभर दडी मारणारा. 2016 साली लातूरला रेल्वेनं पाणी आणावं लागलं, ते आपण विसरलेलो नाही. तेव्हा उतारावर आधी सलग समतल चर (उताराला आडवे, एका पातळीत खणलेले), पाणी मुरलं की मग खड्डा. खड्डे उन्हाळ्यातच घेऊन तापू द्या आणि पहिला दमदार पाऊस झाल्यावरच रोप लावा. माळावर अंजन, खैर, कडुनिंब. खाम नदीसारख्या पाणथळ काठाला करंज, उंबर, जांभूळ, अर्जुन. गिरिपुष्प आणि सुबाभूळ लवकर हिरवं दिसतं खरं, पण सुबाभळीचं बी एकदा पसरलं की आवरत नाही.

हे काम फौजेला जमतं का, असं कुणी विचारू नये. 1982 साली डेहराडूनला पहिली पर्यावरण बटालियन उभी राहिली, चुनखडीच्या खाणींनी उघडे पडलेले मसुरीचे डोंगर तिनं हिरवे केले. 2017 मध्ये महार रेजिमेंटशी जोडलेली, प्रादेशिक सेनेची 136 वी बटालियन याच कामासाठी आपल्या संभाजीनगरात आली. माजी सैनिकांची फळी आहे ती. आपल्या मातीतली माणसं.

अडचण वेगळीच आहे. साहेबांची दोन-तीन वर्षांत बदली होते, झाडाला दहा वर्षं लागतात. नवे साहेब येतात, नवा खड्डा जुन्याच जागी घेतला जातो. यावर मला एकच उपाय दिसतो. तुकडी कितीही बदलो, जागेसोबत राहणारी एक वही ठेवा. कुठे राखलं, कुठे लावलं, जाळरेषा कधी काढली, आणि तिसऱ्या उन्हाळ्यानंतर किती रोपं जिवंत आहेत, एवढं त्यात लिहा. कार्यभार सोपवताना शस्त्रांची मोजणी करून सही होते ना, त्याच दिवशी ही वही घेऊन दोघा साहेबांनी माळावर एक फेरी मारावी.