विहिरीत सापडलेला गोल दगड डायनासोरचं अंडं असतो का?

नमस्कार मंडळी, वाऱ्याचा आवाज येतोय तो जरा सांभाळून घ्या, वेळासच्या पुळणीवर बसलोय. परवा एकाने फोटो पाठवला, विहीर खणताना गोल दगड निघाला, वरून पापुद्रे सुटतायत, दादा हे डायनासोरचं अंडं ना? नाही रे बाबा, तो आपला काळा दगडच, झिजताना कांद्यासारखा सोलत जातो आणि मधे गोळा उरतो.

खरी अंडी बघायची तर नर्मदेच्या खोऱ्यात जा. मध्य प्रदेशात धार जिल्ह्यात 92 घरटी आणि 256 अंडी मिळाली, 2023 साली त्यावर शोधनिबंध आला. टायटॅनोसॉर, म्हणजे लांब मानेचे शाकाहारी धूड, आणि अंडं किती तर 15 ते 17 सेंटीमीटर, शहाळ्याएवढं!

आता ती टिकली कशी? इथे कासवीण रात्री येते, वाळूत खड्डा करते, शंभरेक अंडी घालते, बुजवते आणि जाते, टायटॅनोसॉरची मादीसुद्धा अंडी अशीच पुरायची असं मानतात. पण कासवाच्या अंड्याचं कवच चामड्यासारखं मऊ, ते कुजून जातं. टायटॅनोसॉरच्या अंड्याचं कवच कोंबडीच्या अंड्यासारखं चुन्याचं, म्हणजे मुळात खनिजच, अर्धं काम तिथेच झालं. मग पूर आला की घरट्यावर गाळ बसायचा, कवचाची भोकं बुजून पिल्लू आतच गुदमरायचं (वाईट वाटतं, पण त्यामुळेच अंडं अख्खं राहिलं), आतलं सडून जायचं, तडे गेले असतील तर तिथून चिखल शिरायचा, आणि जमिनीतलं चुनखडीचं पाणी झिरपून झिरपून पोकळीत दगड तयार व्हायचा. आजूबाजूची मातीच चुन्याची, म्हणून कवच विरघळलं नाही.

आणि आपल्या कोकणात? काळा दगड म्हणजे थिजलेला लाव्हा, त्या रसात अंडं कुठलं राहायला! जांभा तर त्याच दगडाचा कुजून झालेला, कोकणातल्या पावसाने त्यातला चुना केव्हाच धुऊन नेला. त्यामुळे जांभ्याच्या चिऱ्यांच्या खाणीत शोधू नका.

तरी शंका असेल तर फुटलेल्या कडेचा फोटो पाठवा, शेजारी एक नाणं ठेवून. बाहेर एक-दोन मिलिमीटरचं एकच वेगळं कवच आणि त्यावर बारीक पुरळ दिसलं तर मी स्वतः बघायला येतो, पापुद्र्यावर पापुद्रे दिसले तर तो दगड गडग्याला, म्हणजे दगडी कुंपणाला लावा.