मांडणी वाजली तरी

नमस्कार मंडळी. घरातला पंखा दिवसभर फिरत असतो तेव्हा त्याचा आवाज ऐकूच येत नाही, लाईट गेली की मग कळतं, अरे पंखा चालू होता. भीतीचंही तसंच आहे, तीच गोष्ट परत परत झाली की दचकणं कमी होत जातं. पण माझ्या मावशीचा किस्सा आधी सांगते.

मावशी पाटण तालुक्यातली, कोयनेकाठची. कॉलेजच्या सुट्टीत गेले होते, संध्याकाळी ती चुलीपुढे भाकरी थापत होती, मी शेजारी लसूण सोलत बसलेली, आणि अचानक मांडणीतली ताटं खणखणायला लागली, जमिनीतून गुरगुर आली, मी लसूण टाकून अनवाणी अंगणात. (हल्ली घरोघरी ट्रॉल्या झाल्यात, मला मात्र मांडणीच आवडते, भांडी डोळ्यासमोर असली की घर भरल्यासारखं वाटतं.) मावशीनं काय केलं, तर भाकरी उलटली. म्हणाली, "ये आत, हलका हुता."

आता पुढचं ऐका. त्याच रात्री, पहाटे म्हणा, गोठ्यावरचा पत्रा वाऱ्यानं धाडकन पडला. मी डोळे उघडले तेव्हा अंगणात उभी होते, माझं मनगट मावशीच्या मुठीत, आणि ती मूठ थरथरत होती.

११ डिसेंबर १९६७, पहाटे ४ वाजून २१ मिनिटं, कोयनेचा भूकंप. १७५हून जास्त माणसं गेली. मावशी तेव्हा नऊ वर्षांची.

म्हणजे बघा, हलक्या धक्क्यांची सवय झाली, त्या पहाटेची नाही. परत सांगते, हलक्याची सवय होते, जबर धक्क्याची होतेच असं नाही. एरिक कँडेल म्हणून मेंदूशास्त्रज्ञ आहेत, त्यांना २०००मध्ये नोबेल मिळालं, त्यांनी हे समुद्री गोगलगायीत बघितलं. हलकं शिवलं की ती आपला श्वास घ्यायचा कल्ला आत ओढते, सारखं शिवत राहिलं की ओढणं मंदावतं, कारण एक मज्जापेशी दुसरीला निरोप द्यायला जे रसायन सोडते तेच कमी सुटायला लागतं. शेपटीला शॉक दिला की उलट, मग साध्या शिवण्यालाही ती जोरात आक्रसते. म्हणून कुणी जुन्या गोष्टीला घाबरलं तर "अजून सवय नाही झाली का" असं विचारू नका हो, फार लागतं ते.

मावशी अजून पहाटे चारला उठते, दाराची कडी काढून ठेवते आणि परत झोपते.