भांडं रिकामं देऊ नये

नमस्कार मंडळी. शनिवारची सकाळ आहे, चहा झालाच असेल. नसेल झाला तर आधी आधण ठेवा, मी आहे इथेच. गॅसवर ठेवा मात्र. मायक्रोवेव्हमध्ये पाणी तापवून त्यात पुडी बुडवणाऱ्यांशी माझं वैर नाही, पण त्याला चहा म्हणू नये एवढंच माझं म्हणणं. असो.

येत्या गुरुवारी थँक्सगिव्हिंग, म्हणजे इथे अमेरिकेत टर्की पक्ष्याची मेजवानी करून आभार मानायचा सण. आधी कामाचं सांगते, मग गप्पा. टर्की आणली असेल आणि ती वर फ्रीजरमध्ये असेल, तर खाली फ्रीजमध्ये काढा. चार-पाच पौंडांना एक अख्खा दिवस लागतो. सोळा पौंडांची असेल तर चार दिवस, म्हणजे उद्या सकाळी ती फ्रीजरबाहेर हवी. नळ चालू असेल कुणाचा, ऐकू गेलं नसेल, म्हणून पुन्हा सांगते: चार-पाच पौंडांना एक दिवस. ओट्यावर ठेवायची नाही. फ्रीजमध्येच, सगळ्यात खालच्या कप्प्यात, आणि खाली परात घाला, कारण ती पाणी सोडते.

एवढ्या पोटतिडकीनं का सांगतेय, ते आता ऐका.

1998 सालची गोष्ट. न्यू जर्सीतल्या एडिसनला आमचं नवं घर. लेक सप्टेंबरात झालेली, आणि बाळंतपणासाठी आई कराडहून आलेली. सहा महिन्यांचा व्हिसा, दोन बॅगा, त्यातली एक पूर्ण डिंक-खारीक-मेथीची. नोव्हेंबर आला तसा माझ्या नवऱ्याला उत्साह आला. आता आपलं घर आहे, आपण टर्की करायची! ऑफिसातल्या प्रत्येकाला विचारून त्यानं माहिती काढली. मसाला कुठला, भट्टी किती तापवायची, वरून लोणी किती वेळा सोडायचं, सगळं वहीत लिहिलं. ती बर्फातून कधी काढायची, हे तेवढं कुणी सांगितलं नाही, यानं विचारलं नाही. बुधवारी रात्री चौदा पौंडांचं ते धूड आणलं आणि वर फ्रीजरमध्ये टाकलं.

गुरुवारी सकाळी आठला बाहेर काढलं. आई बाळाचं आवरून स्वयंपाकघरात आली. तिनं आयुष्यभर रविवारचं मटण केलेलं, कोंबडी तर डोळे मिटून करेल. तिनं त्या पक्ष्याकडे पाहिलं, लाटणं घेतलं आणि वर हळूच मारलं. खण्ण! दगडाच्या पाट्यावर मारावं तसा आवाज. मला म्हणाली, "ही कधी मेलीय?"

मधेच सांगते, टर्की आपल्याकडे काही कालपरवा पोचलेली नाही. जहांगीर बादशहाच्या दरबारात 1612 साली एक टर्की आली, ती गोव्याहून. मुकर्रब खान नावाच्या सरदारानं पोर्तुगिजांकडून घेतलेल्या चीजवस्तूंत ती होती. तिच्या मानेचे रंग कसे सरड्यासारखे पालटतात, हे बादशहानं स्वतःच्या आठवणींत लिहून ठेवलंय, आणि मन्सूर या चित्रकारानं काढलेलं तिचं चित्र आज लंडनच्या व्हिक्टोरिया अँड अल्बर्ट म्युझियममध्ये आहे. थँक्सगिव्हिंग जिच्यापासून धरतात, ती इथल्या प्लिमथची प्रसिद्ध पंगत 1621 ची. म्हणजे त्याच्या नऊ वर्षं आधी गोव्याच्या धक्क्यावर टर्की उतरलेली! पोर्तुगीज भाषेत तिला पेरू म्हणतात. आपला पेरू वेगळा, चार फोडी करून तिखट-मीठ लावायचा. तोही इथे चार डॉलरला दोन मिळतो आणि चव कापसाची. असो, कुठे होते मी?

हां, खण्ण. तर आईनं पाचच मिनिटं विचार केला आणि म्हणाली, "हिला न्हाऊ घालूया." बाथटबमध्ये टर्की ठेवली. आई शेजारी पाटावर बसली, कढत पाण्याची बादली आणि तांब्या घेऊन, आणि तासाभरापूर्वी नातीला घातलं तशीच अंघोळ हिलाही सुरू. एक तांब्या मानेवर, एक पोटावर, मग उलटी करून पाठीवर. नुसतं तेल लावायचं तेवढं बाकी ठेवलं. नवरा दारात वही घेऊन उभा. त्याच्या वहीत हे पान नव्हतं.

मंडळी, असं करू नका. कढत पाण्यानं बाहेरचं मांस कोमट होतं, आत बर्फ तसाच, आणि जंतूंचं फावतं. घाई असेल तर गार पाण्यात बुडवायची, वेष्टनासकट, दर अर्ध्या तासानं पाणी बदलायचं, आणि पौंडाला अर्धा तास धरायचा. चौदा पौंडांना सात तास. आम्हाला हे कुठून माहीत असणार!

दुपारी चार वाजले. नवऱ्यानं युनिव्हर्सिटीतली दोन मराठी मुलं जेवायला बोलावलेली, ती दारात हजर, हातात फुलं. टर्की बाहेरून लिबलिबीत आणि आतून हिमालय. पोटात एक पिशवी असते, मान आणि काळीज-बिळीज घातलेली, ती बर्फात रुतून बसलेली. ती निघाल्याशिवाय भट्टीत घालायची नाही असं वहीत लिहिलेलं. म्हणून नवरा मागच्या पायरीवर टर्की घेऊन बसला, आणि त्याच्या हातात हातोडा आणि स्क्रू-ड्रायव्हर. काळोख पडत आलेला.

शेजारच्या घरात एक बाई राहत, तेव्हा अठ्ठावन्न-साठीच्या असतील. जाता-येता हात हलवण्यापलीकडे ओळख नव्हती. त्यांच्या स्वयंपाकघराच्या खिडकीतून आमची पायरी दिसते. त्यांना काय दिसलं, ते तुम्हीच डोळ्यांपुढे आणा. दहा मिनिटांत दारावर टकटक. बाई उभ्या, हातात काचेचं खोलगट भांडं, कडेनं निळी फुलं, वर फॉइल, खाली जाड फडकं. काही विचारलं नाही, काही बोलल्या नाहीत, "गरम आहे, सांभाळून," एवढंच म्हणाल्या आणि गेल्या.

आत होतं ग्रीन बीन कॅसरोल. फरसबी, मशरूमचं घट्ट सूप, वरून तळलेला कांदा. ज्यांनी खाल्लंय त्यांना माहीत आहे. हा पदार्थ आपल्या न्यू जर्सीचा बरं का! 1955 मध्ये इथल्या कॅमडेनला एका सूप कंपनीच्या स्वयंपाकघरात डॉर्कस रायली या बाईंनी आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी तो बसवला. आईनं एक घास खाल्ला, थोडा वेळ गप्प राहिली आणि कांदा-लसूण मसाल्याचा डबा आणला. मग पिठलं टाकलं, भात लावला. आमची पहिली थँक्सगिव्हिंग म्हणजे पिठलं, भात आणि कांदा-लसूण मसाला घातलेलं कॅसरोल. त्या दोन मुलांनी पातेलं पुसून खाल्लं. टर्कीचा शनिवारी आईनं तांबडा रस्सा केला, तो फार फर्मास झाला, पण तो आजचा विषय नाही.

जेवताना नवरा म्हणाला, इथे आज प्रत्येकानं सांगायचं असतं, आपण कशाबद्दल कृतज्ञ आहोत. मुलं म्हणाली, पिठल्याबद्दल. आईची पाळी आली तर ती माझ्याकडे बघायला लागली. "मी तुमचे आभार मानू? घरात? मी काय सत्काराला आलेय?"

आता खरं सांगा, चूक काय तिचं? आपल्याकडे आभार मानतात कुठे, तर सभेत. आणि आभारप्रदर्शन सुरू झालं की लोक चपला शोधायला लागतात. पोळ्याला बैलाला आपण थँक्यू म्हणतो का? शिंगं रंगवतो, झूल घालतो, पुरणपोळी खाऊ घालतो. आईला थँक्यू म्हटलं तर ती म्हणते, "काय गं, बरं नाही का वाटत?" हल्ली मुलं पाणी दिलं तरी आईला थँक्यू म्हणतात, मला ते अजून कानाला टोचतं. म्हणोत बापडी.

दुसऱ्या दिवशी मी ते भांडं घासून पुसून द्यायला निघाले. तळाशी मास्किंग टेपची पट्टी आणि त्यावर पेनानं बाईंचं आडनाव. आईनं ते बघितलं मात्र, हरखून गेली. "म्हणजे इथेपण भांड्यांवर नावं घालतात!" तिच्या रुखवतातल्या प्रत्येक वाटीवर मशीननं टिकटिकवून नाव घातलेलं, तारखेसकट. त्या पट्टीमुळे बाई तिला एकदम आपल्यातल्या वाटल्या. मग तिनं भांडं माझ्या हातातून काढून घेतलं. "रिकामं देतात का कुणाचं?" रवा भाजला, नारळ फ्रोझन होता तोच घातला, आणि एकवीस रव्याचे लाडू त्या निळ्या फुलांत रचून दिले.

मला वाटलं, संपलं. चार दिवसांनी भांडं परत! आत बनाना ब्रेड. बाईंच्या आईनंही त्यांना तेच शिकवलेलं, रिकामं भांडं परत करू नये. आता दोन्हीकडे शिकवण सारखी म्हटल्यावर थांबायचं कुणी? आईनं शंकरपाळे पाठवले. तिकडून अ‍ॅपल पाय आला. इकडून चकली गेली. ख्रिसमसला कुकीज आल्या, संक्रांतीला तिळाच्या वड्या गेल्या. नवरा म्हणायला लागला, हे भांडं आहे की एस.टी.?

आणि जानेवारीत एकदा बर्फ पडलं. दोन दिवस बाहेर पडता आलं नाही, घरात काही नाही, बाळाला सर्दी. भांडं आमच्याकडे. तरी आईला चैन पडेना, लोकांचं भांडं किती दिवस ठेवायचं! तिनं आपल्याकडे करतात तेच केलं. दोन चमचे साखर घातली आणि नवऱ्याच्या हाती भांडं धाडलं.

तासाभरात बाई दारात. डोक्यावर टोपी, गुडघाभर बर्फ तुडवत आलेल्या, काळजीत. म्हणाल्या, "मी तुम्हाला साखर उसनी दिल्याचं मला आठवत नाही. की तुम्हाला साखर हवी आहे आणि ही खूण आहे?" आणि कोटाच्या खिशातून पाच पौंडांची साखरेची पिशवी काढली!

मी समजावलं. रिकामं देऊ नये म्हणून साखर, एवढंच. बाई आधी गप्प झाल्या, मग असं हसू फुटलं की भिंतीला धरून उभ्या राहिल्या. आईला इंग्रजी येत नव्हतं, पण तीही हसायला लागली. दोघी स्वयंपाकघरात हसताहेत, बाळ दचकून रडतंय. मग आईनं त्याच साखरेचा चहा केला. गॅसवर.

अरे बापरे, घड्याळ काय म्हणतंय! मला या सणाचा इतिहास सांगायचा होता. पटकन सांगते. 1621 च्या शरदात प्लिमथला इंग्रज वसाहतवाल्यांनी पीक आल्यावर तीन दिवस जेवणं केली. मेफ्लॉवर जहाजावरून आलेल्या शंभरेक जणांपैकी निम्मे पहिल्या हिवाळ्यातच गेलेले. वाम्पानोआग या तिथल्या मूळ रहिवासी लोकांचा प्रमुख मॅसासोइट नव्वद माणसांसह आला, आणि त्यांनी पाच हरणं आणली. तेही रिकाम्या हातांनी आले नाहीत, बघा. पुढे त्याच लोकांच्या जमिनी गेल्या, म्हणून 1970 पासून प्लिमथच्या कोल्स हिलवर याच दिवशी मूळ रहिवासी शोकदिन पाळतात. घरातल्या मोठ्या मुलांना हेही सांगा, त्यांना कळतं. सारा जोसेफा हेल या संपादिकेनं वर्षानुवर्षं पत्रं लिहिली, मग 1863 मध्ये, ऐन यादवीत, लिंकननं नोव्हेंबरचा शेवटचा गुरुवार जाहीर केला. नाताळच्या खरेदीला जास्त दिवस मिळावेत म्हणून 1939 मध्ये रूझवेल्टनं तो आठवडाभर अलीकडे ओढला, तर कितीतरी राज्यांनी ऐकलंच नाही! शेवटी 1941 च्या कायद्यानं चौथा गुरुवार ठरला. दुकानदारांची घाई तेव्हापासूनची आहे, शुक्रवारच्या पहाटे टीव्हीसाठी रांगेत उभं राहणाऱ्यांबद्दल मी काही बोलत नाही.

आणि टर्कीबद्दल दोन गोष्टी राहिल्या. आतलं तापमान 165 अंश फॅरनहाइट झालं पाहिजे, मांडीच्या जाड भागात थर्मामीटरची सुई खुपसून बघा, हाडाला टेकू देऊ नका. पुन्हा, 165. उरलेली तीन-चार दिवसांत संपवा. रस्सा करा, खिमा करून पॅटिस करा. क्रॅनबेरी डब्यातली आणू नका, ताजी घ्या, करवंदासारखं लोणचं होतं तिचं, मेथीदाणे आणि गूळ घालून.

आई मार्चमध्ये गेली. जाताना तिनं भांड्यातून बाईंना पुरणपोळ्या दिल्या, आणि विमानतळावर मला सांगितलं, "त्यांचं भांडं आलं की लक्ष ठेव." मी ठेवलंय. तळाची टेप तीनदा बदलली, एका कानाचा टवका उडाला. बाई आता पंच्याऐंशीच्या पुढे आहेत, भट्टीपाशी उभं राहवत नाही, तरी गेल्या आठवड्यात भांडं आलं. आत दुकानातली बिस्किटं होती, कागदासकट.

ते सध्या माझ्या ओट्यावर आहे आणि गुरुवारी दुपारी मला ते घेऊन जायचंय. काल कराडला फोन केला, तर आई म्हणाली गाजराचा हलवा दे, बाईंना चावायला सोपा. लेक म्हणते आजीचे रव्याचे लाडूच हवेत. रवा आहे घरात, नारळ बघायला लागेल. आज दुकानात जातेच आहे, तुम्हीही जाल, तिथे भेटू. आणि निघायच्या आधी ती टर्की फ्रीजरमधून खाली काढा.