हॅटरसचं दीपगृह तेव्हा इथे होतं

भिंतीवर या जुन्या स्लाइडमध्ये दिसतंय ते अमेरिकेतल्या नॉर्थ कॅरोलायनाचं केप हॅटरस दीपगृह. १८७० सालचं, विटांचं, साठ मीटर उंच. काळे-पांढरे पट्टे मळसूत्रासारखे वर चढत गेलेत. समुद्र पायथ्याच्या किती जवळ आलाय बघा. फोटो आमच्या ह्यांनी काढलेला, तिकडे शिकत होते तेव्हाचा. आज तिथे गेलात तर दीपगृह बरंच आत दिसेल. १९९९ साली पोलादी तुळयांवरून सरकवत अख्खं दीपगृह सुमारे ८८० मीटर हलवलं.

कारण इथली जमीनच जागेवर राहत नाही. किनाऱ्यापुढे पसरलेली ही वाळूची लांबट, अरुंद बेटं. एका अंगाला अटलांटिक, दुसऱ्या अंगाला पाम्लिको साउंड या खाडीचं उथळ पाणी. वादळात लाटा बेट ओलांडतात आणि समुद्राकडची वाळू मागच्या अंगाला नेऊन टाकतात. असं होत होत बेटच मुख्य भूमीकडे सरकतं.

हे पोर्ट्समथ. यातल्याच एका बेटावर १७५३ साली वसवलेलं गाव. मोठ्या जहाजांचा माल इथे लहान होड्यांत उतरवायचा, तेव्हा कुठे तो उथळ पाण्यातून आत जायचा. १८४६च्या चक्रीवादळानं उत्तरेला हॅटरसपाशी नवी वाट फोडली, जहाजं तिकडून जायला लागली आणि गाव हळूहळू रिकामं झालं. टपालाच्या बोटीपर्यंत स्वतःची होडी नेऊन गावाची पत्रं आणणारे हेन्री पिगॉट १९७१ साली वारले. मागे उरलेल्या दोघी वयस्कर बायकांनीही मग बेट सोडलं.

आम्ही शेजारच्या ओक्राकोक बेटावरून लहान बोटीनं तिथे गेलो ते त्यानंतर. पांढऱ्या चर्चसमोर उभी आहे ती मी. पदर डोक्यावरून, कानांवरून घट्ट गुंडाळलाय, नुसते डोळे उघडे. डासच तसले होते! घरांच्या खिडक्या बंद, अंगणात गवत, आणि चर्च मात्र काल कुणी झाडून गेल्यासारखं.

पुण्यात पाहुणे आले की पडद्यावर हीच स्लाइड सगळ्यांना हवी असायची. नुसत्या वाळूची आली की सासूबाई म्हणायच्या, "यात माणूस कुठंय? पुढची लाव." मला आज त्याच स्लाइड मोलाच्या वाटतात. ऑगस्ट ७४, असा पुठ्ठ्याच्या चौकटीवर छापील शिक्का आहे. म्हणजे त्या सुमारास वाळूची टेकडी कुठे होती, पाणी कुठवर होतं, याचा तो पुरावाच. कपाटातल्या अंधारात कोडाक्रोम फिल्मचे रंग टिकले. दुसऱ्या फिल्मच्या काही लालसर पडल्या, काहींना पावसाळ्यात बुरशी लागली. भाचा सध्या एकेक पुसून स्कॅन करतोय.

२०१९च्या डोरियन वादळानं पोर्ट्समथच्या घरांचं खूप नुकसान केलं, शेजारची सलग वाळू ठिकठिकाणी फोडली. तिथल्या जुन्या कुटुंबांची मुलं-नातवंडं दर दोन वर्षांनी त्या चर्चपाशी जमत आलीत. या स्लाइडच्या प्रती त्यांच्यापर्यंत पोचवायच्या आहेत, वाळूच्या तर आधी.