पिवळ्याचा चौकोन

(दृश्य : कोल्हापूरच्या मंगळवार पेठेतील एका घराची माडी. चटईवर कापडाच्या चिंध्या रंगवार लावलेल्या आहेत.)

वाकळीसाठी, म्हणजे गोधडीसाठी, चिंध्यांमधून एकाच रंगाचा चौकोन जोडायचा ठरवले की निळा आणि लाल हे रंग फारसा त्रास देत नाहीत. निळ्यात आकाशी असतो आणि शाईसारखा गडदही असतो. लालात फिकट गुलाबीपासून महरूनपर्यंतची सगळी वाट उपलब्ध असते आणि त्यामुळे उजळ-गडद ठेवून आकृती उठवता येते. पिवळ्याचे तसे नाही. तो गडद करू लागावे तर थोड्याच अंतरावर राई रंग लागतो, त्यापुढे शेवाळी किंवा तपकिरी सुरू होतो, आणि मग त्याला पिवळा म्हणण्यास कोणी तयार होत नाही. दिवसाच्या उजेडात आपला डोळा सुमारे ५५५ नॅनोमीटर तरंगलांबीच्या, म्हणजे पिवळसर हिरव्या प्रकाशाला सर्वाधिक प्रतिसाद देतो. पिवळा त्याच्या लगतच असल्यामुळे तो स्वभावतःच उजळ दिसतो. वाकळ शिवणाऱ्या बाईला हा आकडा ठाऊक नसला, तरी पिवळ्यावर पिवळा ठेवला की नक्षी बुडते, हे तिला पक्के ठाऊक असते.

कोल्हापुरात पिवळ्या चिंध्यांना मात्र तोटा नाही. लग्नसराईत हळदीच्या कार्यक्रमासाठी घरातील सगळ्यांचेच कपडे पिवळे शिवले जाऊ लागल्यापासून शिंप्यांच्या कतरणीत हा रंग वाढला आहे; नवरीच्या अष्टपुत्रीचे, म्हणजे लग्नातल्या पिवळ्या साडीचे, जुनेर, अंबाबाईच्या ओटीतून घरी आलेले खण आणि फाटलेल्या परकरांचे काठ त्यात भर घालतात. या भागाला कापडाची सवय जुनी आहे. राजर्षी शाहू महाराजांनी १९०६ मध्ये येथे कापड गिरणीचा पाया घातला, इचलकरंजीत त्याच सुमारास यंत्रमाग आला आणि फाळणीनंतर वसलेल्या सिंधी व्यापाऱ्यांनी गांधीनगरला कापडाची घाऊक पेठ उभी केली. तुकडा कमी पडला म्हणून काम अडले, असे येथे सहसा होत नाही. अडते ते निवडीपाशी.

(दृश्य : खिडकीजवळ दोघीजणी. वयस्क बाई तुकडे उजेडात धरून पाहतात; शेजारची मुलगी त्यांना एकेक तुकडा देते.)

“आक्का, ह्यो हितं ठेवू काय?”

“नगं बाळ, त्यो लिंबावर गेलाय. आंब्याच्या शेजारी बसवलास तर हिरवा दिसंल बघ.”

आक्का म्हणतात तेच या कामाचे मर्म आहे. पिवळ्यात गडदपणाला जागा नसली, तरी कलण्याला पुष्कळ जागा आहे. लिंबू रंग हिरव्याकडे झुकतो, झेंडूचा पिवळा केशरीकडे जातो, सोनचाफा दोहोंच्या मध्ये राहतो आणि मोतिया तर जवळजवळ पांढऱ्यात विरतो. म्हणून या चौकोनात आकृती उभी करायची ती मुख्यतः रंगांच्या या कलांच्या, म्हणजे झुकावांच्या, जोरावर. लिंबू रंगाचे तुकडे एका बाजूला आणि झेंडूचे दुसऱ्या बाजूला ठेवले, आणि मध्ये सोनचाफ्याची एक पट्टी घातली, तर गडद रंगाची मदत न घेताही दोन भाग स्पष्ट वेगळे दिसतात. हेच तुकडे सरमिसळ करून लावले, तर लिंबू रंग आजारी दिसू लागतो. निवड नेहमी दिवसाच्या उजेडात करावी लागते, कारण पिवळसर दिव्याखाली मोतिया आणि पांढरा यांतला फरकच हरवतो. मोबाईलवर कृष्णधवल छायाचित्र काढून पाहण्याची युक्ती इतर रंगांत फार उपयोगी पडते; पिवळ्यात मात्र राई रंग तेवढा उठून दिसतो आणि बाकी सगळे एकाच करड्या छटेत विरघळते. ही तपासणी खोटी नाही. आधार उजळ-गडदाचा नाही, कलाचा आहे, एवढेच ती सांगते.

छापील कापडाचा प्रश्न याहून नाजूक आहे. पिवळ्या पार्श्वभूमीवर बारीक काळे ठिपके असलेला तुकडा हातात पिवळा वाटतो, परंतु चार हातांवरून तो मळकट करडा दिसतो. पिवळ्या बांधणीवरचे लाल ठिपके लांबून केशरी होतात, आणि हा दोष कधीकधी उपयोगीही ठरतो. तुकडा जमिनीवर टाकून दाराशी उभे राहून पाहावे; तेथून जो रंग दिसेल तो त्याचा खरा रंग मानावा. पांढऱ्या फुलांचा छाप आमच्या मते फार वापरू नये, कारण पांढऱ्याशेजारी पिवळा निस्तेज होतो.

(दृश्य : शिलाई यंत्र. पांढऱ्या कापडाच्या चौकोनावर पहिला तुकडा टाचला जातो.)

जोडणीची जी पद्धत येथे दिसते, ती परदेशी गोधडीकामात ‘लॉग केबिन’ म्हणून ओळखली जाते. मधल्या तुकड्याभोवती एकेक पट्टी फिरवत न्यायची आणि चौकोन वाढवायचा. सुती, टेरिकॉट आणि खण असे ताणाला वेगवेगळे असणारे तुकडे एकत्र येत असल्यामुळे आक्का ते सरळ एकमेकांना न जोडता १३ इंचांच्या पांढऱ्या पॉपलीनवर शिवतात. तिरप्या कापाची चिंधीसुद्धा मग ओढली जात नाही. पूर्ण झाल्यावर चौकोन साडेबारा इंचांवर छाटला जातो. चारही बाजूंना पाव इंच माया, म्हणजे शिलाईबाहेर राखलेली कड, शिलाईत गेली की तो बरोबर १२ इंचांचा उरतो.

येथेच पिवळ्याची दुसरी अडचण पुढे येते. नवी पट्टी जुन्या पट्टीवर उलटी ठेवून शिवली आणि मग बाहेर पालटली, की दोन्ही पट्ट्यांची माया नव्या पट्टीखाली जाते. नवी पट्टी पातळ मोतिया मलमलीची असेल आणि आधीची राई रंगाची असेल, तर शिलाईलगत पाव इंचाची काळपट रेघ वरून स्पष्ट दिसते. इस्त्रीने ती जात नाही. म्हणून क्रम ठरून जातो: मध्यभागी सर्वांत फिकट, आणि बाहेर जाताना हळूहळू दाट. मध्यभागी गडद तुकडाच हवा असेल, तर शिलाई मारल्यावर गडद कापडाची माया फिकट कापडाच्या मायेपेक्षा थोडी आखूड कापावी लागते, म्हणजे तिची कड झाकली जाते. आक्का हे काम टोकदार कात्रीने करतात आणि कात्रीचे पाते शिलाईला टेकू देत नाहीत.

हळदीत रंगलेल्या कापडाबाबत सावध राहणे भाग आहे. हळदीतील कुरक्युमिन उन्हाने उडते आणि साबणासारख्या अल्काच्या संपर्कात तांबूस होते. लग्नातला हळदीचा डाग धुताना लाल पडतो तो यामुळेच. पट्टणकोडोलीच्या विठ्ठल-बिरदेवाच्या यात्रेत भंडाऱ्याने, म्हणजे हळदीच्या पुडीने, माखलेला सदरा किंवा पदर वाकळीत असावा, अशी इच्छा अनेक घरांत असते आणि ती मोडवत नाही. असा तुकडा मध्यभागी ठेवू नये. तो कडेच्या पट्टीत घालावा, म्हणजे उद्या फिका पडला तरी चौकोनाचा तोल जात नाही. इतर तुकड्यांचा रंग सुटतो का, हे ओल्या पांढऱ्या फडक्याने घासून पाहणे पुरेसे आहे. टिकाऊ आणि झळझळीत पिवळ्याची ओढ सगळीकडे सारखीच असावी. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ वोकलँ यांनी १७९७ मध्ये क्रोमियमचा शोध लावला, आणि पुढे एकोणिसाव्या शतकात शिसे व क्रोमियम यांच्या संयुगाने रंगवलेले पिवळे आणि नारिंगी सुती कापड अमेरिकेतील गोधड्यांत मोठ्या हौसेने वापरले गेले. ते रंग विषारी होते, हे आज वेगळे सांगण्याची गरज नाही.

(दृश्य : अंगणात पसरलेली वाकळ. कडेपासून आत धावदोरा चालला आहे.)

चौकोन जोडून झाले की वाकळ भरायला, म्हणजे तिचे थर धावदोऱ्याने एकत्र शिवायला, घेतली जाते. धावदोरा कडेशी समांतर धरून आत आत येतो, आणि त्यासाठी पांढरा दोरा येथे कामाचा नाही, कारण पिवळ्यावर तो दिसतच नाही आणि टाका वाकडा गेला तरी कळत नाही. आक्का कुंकवाच्या रंगाचा दोरा घेतात. पाठीला गडद निळे किंवा तपकिरी कापड लावण्याची रीत आहे, कारण अंथरलेल्या वाकळीची जमिनीकडची बाजू आधी मळते. ते गडद कापड पुढच्या फिकट तुकड्यांतून झिरपून दिसू नये, म्हणून दोहोंच्या मध्ये जुन्या पांढऱ्या धोतराचा एक अखंड थर घालावा लागतो.