गारगोटी विरघळत नाही

शेतकरी बंधू-भगिनींनो, नमस्कार.

धानाच्या बांधीत निंदायला उतरलेल्या बाईचे हात संध्याकाळी बघा. बोटांवर, मनगटावर बारीक बारीक चिरा दिसतील. धानाचं पान बुडाकडून शेंड्याकडे ओढलं तर काही होत नाही, पण शेंड्याकडून खाली बोट फिरवलं की सर्रकन कापतं. माझी आई रात्री त्या चिरांना जवसाचं तेल लावायची आणि म्हणायची, धानाला दात असतात. ते दात म्हणजे सिलिका, हे मला फार पुढे कळलं. वाळूत असते, काचेत असते, गारगोटीत असते, तीच. मातीतल्या पाण्यात विरघळलेली सिलिका मूळ उचलतं, पानापर्यंत पोचवतं. तिथं पाणी उडून जातं आणि सिलिका पानाच्या सालीखाली काचेसारखी थिजते. करप्याच्या बुरशीला आधी तो थर फोडावा लागतो. खोडकिड्याच्या अळीचे जबडे तो चावताना झिजतात. पान उभं राहतं, त्यामुळे खालच्या पानालाही ऊन मिळतं, आणि लोंबी भरल्यावर धान सहसा लोळत नाही.

आता हिशेब बघा. दहा क्विंटल धान पिकतं तेव्हा ते पीक जमिनीतून सुमारे 80 किलो सिलिकॉन, म्हणजे सिलिका ज्याची बनते ते मूळ द्रव्य, उचलतं. नत्र किती उचलतं? 15 ते 20 किलो. युरियाच्या गोणीसाठी आपण कृषी केंद्रासमोर रांगेत उभे राहतो, आणि या 80 किलोंचं नावही घरात निघत नाही. याला कारण आहे. झाडाच्या आवश्यक अन्नद्रव्यांच्या यादीत सिलिकॉन बसत नाही, त्याला उपयुक्त द्रव्य म्हणतात, कारण बहुतेक झाडं त्याच्यावाचूनही जगतात. दुसरं कारण असं की भूकवचाच्या वजनात 28 टक्के सिलिकॉनच आहे. ज्याच्यावर उभे आहोत, त्याची टंचाई कशी असेल, असं कोणालाही वाटणारच.

मलाही वाटायचं. मौद्याकडे आमची थोडी शेती आहे. काही वर्षांपूर्वी मी सिलिकॉन खत म्हणून एक गोणी विकत आणली. वर मोठ्या अक्षरात लिहिलं होतं, सिलिका 90 टक्के. पूड पांढरीशुभ्र. चिखलणीच्या वेळी एका बांधीत टाकली आणि दिवाळीपर्यंत वाट पाहिली. शेजारच्या बांधीत आणि हिच्यात काडीचा फरक नव्हता. उरलेली पूड भिंगाखाली धरली तेव्हा टोकदार, चकचकीत कण दिसले. गारगोटी दळून दिली होती मला! सिलिका 90 टक्के हे खोटं नव्हतं. पण त्यातलं धानाच्या तोंडी काहीच लागणार नव्हतं. लिटरभर पाण्यात गारगोटीची सिलिका विरघळून विरघळून दहा मिलिग्रॅमच्या आसपास जाते, तीही अतिशय सावकाश. धानाच्या तुसाच्या राखेतली सिलिका त्याच पाण्यात शंभर मिलिग्रॅमच्या वर जाते, कारण तिची रचना स्फटिकाची नसते, सैल असते. म्हणून गोणीवरच्या एकूण सिलिकाच्या टक्क्यांना भुलू नका. दुकानदाराला विचारा, पिकाला मिळणारी किती? उत्तर नसेल तर गोणी तिथंच ठेवा.

त्या गोणीनं मला दगडापासून सिलिकॉन खत करण्याच्या कामाला लावलं. खनिजापासून असं खत करायचं तर पहिला प्रश्न असतो दगड कोणता. सगळ्यात सोयीचा वोलॅस्टोनाइट, म्हणजे निसर्गानंच तयार केलेलं कॅल्शियम सिलिकेट. त्यात निम्म्याहून थोडी जास्त सिलिका आणि बाकी चुना. राजस्थानात त्याच्या खाणी आहेत. लोखंडाच्या भट्टीतली मळी हीही मुख्यतः कॅल्शियम सिलिकेटच असते. जपाननं 1955 सालीच तिला खत म्हणून मान्यता दिली, आणि तिथले शेतकरी हेक्टरी दीड-दोन टन टाकत आले आहेत. मात्र कोणतीही मळी जड धातूंसाठी तपासल्याशिवाय शेतात नेऊ नये.

आणि आपल्या दाराशी काय आहे? नागपूरच्या सीताबर्डीचा किल्ला ज्या टेकडीवर उभा आहे, तो काळा बेसॉल्ट आहे, सुमारे 6.6 कोटी वर्षांपूर्वीच्या लाव्ह्याचा. आपल्याकडे एका वस्तीचं नावच गिट्टीखदान आहे. बेसॉल्टमध्ये निम्मी सिलिका, शिवाय कॅल्शियम, मॅग्नेशियम, लोह, आणि गारगोटी जवळजवळ नाही. ग्रॅनाइटच्या मानानं तो लवकर झिजतो. क्रशरखाली त्याची भुकटी ढिगानं पडून असते. पण ती जाड असते, आणि सगळी मेख तिथंच आहे. फाशाएवढा, एक सेंटिमीटरचा चौकोनी खडा घ्या. त्याच्या सहा बाजू मिळून 6 चौरस सेंटिमीटर. तोच खडा मिलिमीटरच्या दहाव्या भागाएवढ्या कणांत फोडला की 600 होतात. अजून दहापट बारीक केला की 6000, म्हणजे पोत्याच्या एका बाजूएवढा पृष्ठभाग, एवढ्याशा खड्यातून! मातीतलं पाणी आणि मुळांचं आम्ल या पृष्ठभागावरच काम करतं. म्हणून बॉल मिलमधली, म्हणजे गोळ्यांनी दगड दळणाऱ्या यंत्रातली, पूड 200 मेशच्या, म्हणजे इंचाला 200 भोकं असलेल्या, चाळणीतून गेली पाहिजे, बोटांत चोळली तर पिठासारखी लागली पाहिजे. एवढं करूनही बेसॉल्ट एका हंगामात फळ देईल असं मी सांगणार नाही. वोलॅस्टोनाइट त्यापेक्षा बराच लवकर विरघळतो.

काही दगड नुसते दळून वश होत नाहीत. पोटॅश असलेला फेल्डस्पार नावाचा दगड चुनखडीबरोबर हजार अंशांच्या वर भाजला की त्याची घट्ट रचना मोडते आणि सिलिकॉनबरोबर पोटॅशही मोकळं होतं. जपानात तर औष्णिक वीज केंद्रांच्या राखेत पोटॅश मिसळून, ती भाजून पोटॅशियम सिलिकेट खत करतात. कोराडी आणि खापरखेड्याच्या राखेचे ढीग रोज बघणाऱ्या आपल्या भागानं हे समजून घ्यायला हवं. कच्ची राख शेतात ओतणं हा त्याचा अर्थ नव्हे, हेही तितकंच लक्षात ठेवा.

इथं एक गोष्ट कळकळीनं सांगतो. दगड दळताना उडणारी धूळ जीवघेणी असते. गारगोटीचा बारीक कण फुप्फुसात रुतला की सिलिकोसिस होतो, आणि तो बरा होत नाही. तोंडाला दुपट्टा बांधून काही साधत नाही. मिल बंदिस्त हवी, धूळ ओढणारं यंत्र हवं, कामगाराच्या तोंडावर चांगल्या प्रतीचा मास्क हवा. जमलं तर पाण्यात दळा. गोणी फोडून वाऱ्यात पूड उधळू नका, ओलसर शेणखतात कालवून टाका.

ही पूड कोणाच्या शेतासाठी? काटोल-नरखेडच्या संत्राबागाईतदारांनी आणि काळ्या मातीत कापूस-तूर घेणाऱ्यांनी आधी यावर पैसे घालू नयेत. काळी माती बेसॉल्टचीच लेक आहे, आणि कापूस-तूर सिलिकॉन कमीच उचलतात. शिवाय ती बहुधा विम्लधर्मी असते, तिच्यात चुन्याचं खत आणखी कशाला? गरज आहे ती पूर्वेला, भंडारा, गोंदिया, गडचिरोलीच्या हलक्या धानाच्या जमिनीत. तिथं खालचा खडक गारगोटीचा, वरून पाऊस भरपूर, आणि पिढ्यान्‌पिढ्या धानावर धान.

तरीही खताची गोणी उघडण्याआधी तणशीकडे बघा. धानानं उचललेल्या सिलिकॉनपैकी जवळपास 80 टक्के तणशीत असतं. एक टन तणशीत 40 ते 70 किलो. ती विकली की तेवढं सिलिकॉन गाडीत बसून गेलं. जनावरांनी खाल्ली तर शेणातून परत येतं, पण ते शेण बांधीत पडलं तरच. राइस मिलच्या मागच्या तुसाच्या राखेचंही तसंच आहे. मंद जाळावरची करडी-काळी राख चांगली. भट्टीत फार तापून निघालेली तितकी कामाची नसते, कारण प्रखर उष्णतेत सिलिका पुन्हा स्फटिक होऊन बसते.

यंदा रोवणीच्या आधी एवढं करा. एकाच धुऱ्याच्या दोन्ही बाजूंच्या दोन बांध्या निवडा. माती प्रयोगशाळेत देताना उपलब्ध सिलिकॉन तपासायला वेगळं सांगा, नेहमीच्या तपासणीत ते नसतं. एका बांधीत चिखलणीला पूड घाला, दुसरी तशीच ठेवा. बियाणं, युरिया, पाणी दोन्हीकडे सारखं. कापणीला दोन्हींचं धान वेगळं मोजा आणि तणशीची एकेक पेंढी चिठ्ठी लावून जपून ठेवा. तणशीत सिलिकॉन 5 टक्क्यांच्या खाली निघालं, तर त्या बांधीला ते कमी पडतंय. नमस्कार.