हेडलाइटची कड

[रात्र. भिंतीकडे तोंड करून उभी असलेली गाडी. हेडलाइट लागतात.]

भिंतीवर पडलेले हे दोन उजेड नीट बघा. गाडी एकच आहे आणि दोन्ही बल्ब एकाच दिवशी बसवलेले आहेत. डावीकडच्या उजेडाला वरच्या बाजूला स्पष्ट कड आहे. कडेच्या खाली लख्ख, वर काळोख. उजवीकडे ती कड सापडतच नाही. उजेड भिंतभर पसरलाय, पण कुठेच ठरत नाही. फरक आहे तो फक्त पुढच्या काचेचा. डावी काच आम्ही काल दुरुस्त केली, उजवी मुद्दाम तशीच ठेवली.

लो बीमची, म्हणजे खाली झुकवलेल्या उजेडाची, ती कड उगाच नसते. उजेड रस्त्यावर पडावा आणि समोरून येणाऱ्याच्या डोळ्यांत जाऊ नये, यासाठी ती आखलेली असते. काच धुरकट झाली की दोन्ही गोष्टी बिघडतात. आपल्याला कमी दिसतं आणि समोरच्याचे डोळे दिपतात. २०१८ मध्ये अमेरिकन ऑटोमोबाइल असोसिएशनने अशा पिवळ्या पडलेल्या हेडलाइटची चाचणी घेतली, तेव्हा त्यांतून नव्या हेडलाइटच्या जेमतेम २० टक्के उजेड बाहेर पडत होता. ताशी ६० किलोमीटर वेगाने गाडी सेकंदाला जवळजवळ १७ मीटर पुढे जाते. म्हणूनच ‘गाडी जुनी दिसते’ एवढ्यावर हा विषय सोडून देणं मला पटत नाही.

[सकाळ. उजवी हेडलाइट जवळून.]

काच म्हणतो ते सवयीने. एकेकाळी ती खरोखरच काच होती. अमेरिकेत १९४० पासून काचेचे सीलबंद दिवेच सक्तीचे होते. १९८३ मध्ये तिथला नियम सैल झाला आणि प्लास्टिकच्या, हव्या त्या आकाराच्या हेडलाइटना वाट मिळाली. हे प्लास्टिक म्हणजे पॉलिकार्बोनेट. जर्मनीत बायर कंपनीतले हेर्मान श्नेल आणि अमेरिकेत जनरल इलेक्ट्रिकमधले डॅनियल फॉक्स, दोघांनाही ते १९५३ मध्येच सापडलं, तेही स्वतंत्रपणे. काचेच्या निम्म्या वजनाचं आणि दगड लागला तरी सहसा न फुटणारं.

पण त्याला ऊन सोसत नाही. उन्हातले अतिनील किरण त्याच्या रेणूंच्या साखळ्या तोडतात आणि त्यातून पिवळी संयुगं तयार होतात. ओरखडेही पटकन उठतात. म्हणून कारखान्यातच त्यावर एक कडक, पारदर्शक थर चढवतात, केसाहूनही कितीतरी पातळ. वर्षानुवर्षं ऊन आणि धुळीचा मारा सोसणारा खरा तोच. तो झिजला, तडकला की खालचं प्लास्टिक उघडं पडतं. या हेडलाइटकडे बघा. वरचा भाग, जिथे ऊन थेट पडतं, तो पिवळा आणि खरखरीत झालाय. खालची पट्टी अजून बऱ्यापैकी स्वच्छ आहे.

हात घालण्याआधी एक सोपी परीक्षा. काचेवर पाणी ओता.

[पाणी ओघळतं. काच क्षणभर नितळ दिसते, मग पुन्हा धुरकट होते.]

ओलं असेपर्यंत स्वच्छ दिसलं, म्हणजे दोष बाहेरच्या पृष्ठभागावर आहे. पाण्याने खड्डे भरले, म्हणून उजेड सरळ गेला. हे काम होण्यासारखं आहे. पाणी ओतूनही फरक पडला नाही, आत दव धरलेलं दिसलं किंवा प्लास्टिकच्या पोटात बारीक तडे चमकले, तर बाहेरून कितीही घासून उपयोग नाही. आत ओलावा असेल तर सील आणि हवेचं छिद्र तपासायचं. तडे खोल असतील तर हेडलाइट बदलायचा, हे मान्य करावं.

काच धुऊन घेतली. भोवतालच्या रंगावर मास्किंग टेप लावली, एकावर एक दोन थर, कारण घासायचा कागद एकदा तरी कडेवरून घसरतोच. आता ८०० नंबरचा वॉटर पेपर, म्हणजे ओला करून घासायचा कागद, भरपूर पाणी आणि पाण्यात साबणाचा एखादा थेंब. हात आडवा चालवायचा, दाब हलका.

[घासण्याचा आवाज. काचेवरून ओघळणारं पाणी.]

हे पाणी बघत राहा. सुरुवातीला ते पिवळट येतं. तो जुना, मेलेला थर सुटतोय. हळूहळू पाणी पांढरं, दुधाळ होतं, म्हणजे आपण चांगल्या प्लास्टिकपर्यंत पोचलो. मधेच पुसून वाळवून पाहावं. कुठे चकचकीत बेट दिसलं तर जुना थर तिथे अजून चिकटून आहे. तो तसाच ठेवून वर नवा कोट मारला, तर बेटाची कड कायम दिसत राहते.

मग १५०० नंबरचा, आणखी बारीक पेपर, या वेळी उभा. दिशा बदलल्यामुळे आधीचा आडवा ओरखडा कुठे उरला असेल तर लगेच नजरेस पडतो. आता काच आधीपेक्षा वाईट दिसते आहे, दुधी, पूर्ण आंधळी. पहिल्यांदा करणारा इथे घाबरतो. घाबरू नका, ती सगळीकडे सारखी दुधी दिसते आहे, आणि तेच हवं होतं.

टूथपेस्टचा उपाय खूप सांगितला जातो. तिच्यात घासणारे बारीक कण असतात, त्यामुळे वरवरचा धुरकटपणा कमी होतो, हे खरं. मीही एकदा घासून, कंपाउंड म्हणजे पॉलिशची पेस्ट लावून, चमक येईपर्यंत रगडून, चकाकी पाहून काम संपवलं होतं. थोड्याच महिन्यांत पिवळेपणा परत आला, पहिल्यापेक्षा लवकर. घासताना आपण त्या प्लास्टिकची उरलीसुरली ढालच काढून टाकलेली असते. तिच्या जागी दुसरी न देता गाडी उन्हात लावणं हे अर्धवट काम आहे, आणि चकाकीमुळे ते पूर्ण वाटतं, हा त्यातला मोठा धोका. ॲसिटोन किंवा डास पळवणारा स्प्रे मारून चकाकी आणणारेही आहेत. ती रसायनं प्लास्टिकच विरघळवतात, पुढे तडे जातात आणि शेजारचा रंगही उतरतो. हे करूच नका.

ढाल म्हणजे अतिनील किरण अडवणारा क्लिअर कोट. आम्ही हार्डनर, म्हणजे कोट घट्ट करणारं रसायन मिसळायचा, दोन भागांचा कोट वापरतोय. त्यात आयसोसायनेट असतं, ते फुप्फुसांना घातक. साधा कापडी मास्क इथे चालत नाही. रसायनांच्या वाफा अडवणारा रेस्पिरेटर, हातमोजे आणि मोकळी हवा हवीच. हा कोट मारायचा असेल तर आधी पॉलिश करायचं नाही. १५०० च्या बारीक रेघाच कोटला धरायला जागा देतात आणि कोट त्या भरून काढतो. कोटऐवजी पारदर्शक संरक्षक फिल्म चिकटवायची असेल तर उलट, ३००० पर्यंत घासून, पॉलिश करून मगच लावायची.

आयसोप्रोपिल अल्कोहोलने पुसलं. आता बोटही लावायचं नाही.

[स्प्रेचा पहिला हात. दुधी काच डावीकडून उजवीकडे पारदर्शक होत जाते.]

आत बल्ब दिसला. रिफ्लेक्टर दिसला. पहिला हात पातळ, मग थोडं थांबून दोन भरीव. कोट वाळेपर्यंत धूळ, पाणी आणि हात, तिन्ही लांब.

[रात्र. तीच भिंत.]

उजवीकडची कड परत आली. नव्याइतका उजेड मिळत नाही. २०१८ च्या त्याच चाचणीत दुरुस्त केलेले हेडलाइट नव्याच्या साधारण ७० टक्क्यांपर्यंत पोचले होते. पण २० वरून ७०.

दोन्ही कडा आम्ही भिंतीवर खडूने आखल्यात आणि चाकं कुठे होती तेही जमिनीवर खुणावून ठेवलंय. सहा महिन्यांनी गाडी पुन्हा इथेच उभी करून, उजेड त्या रेषेवर बसतोय का ते पाहू.